अप्पांच्या तिकिटावर आत्या

'कोरडवाहू' या बँडची पहिली कॅसेट माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, शेतीची माहिती समजून विकत घेतली होती. जालन्याच्या भाजी मार्केटबाहेर एक कॅसेटवाला बसायचा. कव्हरवर भेगा पडलेल्या जमिनीचा फोटो होता आणि वर हे नाव. परत येताना अप्पांनी टेम्पोत कॅसेट लावली, तर ड्रम सुरू झाले.

"मले वाटलं, आता मिरचीवरच्या रोगाचं सांगतीन," अप्पा ही गोष्ट येईल त्याला सांगायचे. "कशाचं काय! मानूस नुसता बोंबलूनच राह्यला."

पण त्यांनी कॅसेट बंद केली नाही, कारण त्या दिवशी गाडी चालवताना त्यांना डुलकी आली नाही. पुढे पहाटे वांगी-कोबी घेऊन निघायचं असलं की हीच कॅसेट. मी शाळेत होते आणि सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून जालन्याला जायचे. दुसरबीडच्या घरात रॉक हा शब्द कुणाला माहीत नव्हता, पण 'फ्यूज' हे गाणं माझ्या आईलाही पाठ होतं. भर उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज उडतो आणि वायरमन सापडत नाही, एवढंच त्या गाण्यात होतं. आई म्हणायची, "याच्यात गानं काय आहे? हे त आपल्या घरी रोजच होते."

या बँडला समोर बसून ऐकायचं, हे अप्पांनी आणि मी तेव्हाच ठरवलं होतं. औरंगाबादला ते येणार होते, त्या दिवशी पावसाने मैदान वाहून गेलं. मी पुण्यात नोकरीला लागल्यावर अप्पांना कार्यक्रमासाठी बोलावून घेतलं, तर गायकाचा घसा बसला. अप्पा दोन दिवस राहिले, मंडईत भाव विचारत फिरले आणि परत गेले. मग बँड फुटला, परत जुळला, मग कोरोना आला. गेल्या डिसेंबरमध्ये बातमी आली की हा त्यांचा शेवटचा दौरा आणि त्यात बुलढाणा आहे. एका इंजिनिअरिंग कॉलेजने बोलावलं होतं, तिकिटं सगळ्यांना खुली होती. मी दोन काढली. अप्पांनी फोनवर ती मोठी करून पाहिली आणि विचारलं, "बसायले खुर्ची आहे का हुभं राहा लागते?"

संक्रांतीच्या आठवड्यात अप्पा गेले. मोटार चालू करायला गेले होते, विहिरीजवळच पडले.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पहिला सण होईपर्यंत कढई चढत नाही. तळण नाही, गोडधोड नाही, आणि गाण्या-वाजण्याच्या ठिकाणी घरातलं कुणी जात नाही. पहिल्या सणाला गेलेल्याची बहीण येते, स्वतःच्या हाताने कढईत तेल ओतते, पहिला घाणा काढते. त्यानंतर घर मोकळं होतं. आमचा पहिला सण होळी होता. कार्यक्रम होळीच्या आधी होता.

मी पुण्यात एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासते. मृत्यू आणि त्याभोवतीच्या रीतींवर बरंच वाचलेलं आहे, त्या रीती का निर्माण झाल्या असाव्यात हेही मी सांगू शकते. त्याने काही फरक पडला नाही. तेरवीनंतर मी गावीच राहून काम करत होते, आणि चुलीमागच्या खुंटीवर उपडी टांगलेली कढई मला रोज दिसत होती. तिच्यासमोरून उठून कार्यक्रमाला जाणं मला जमणार नव्हतं. मी शेखरला, माझ्या धाकट्या भावाला, तिकिटं कुणाला तरी देऊन टाकायला सांगितलं. आई तिथेच गहू निवडत होती.

महाशिवरात्रीच्या सकाळी साखरखेर्ड्याहून मनकर्णाआत्या आली. अप्पांची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची. एसटीतून उतरून एकटीच चालत घरी आली आणि पिशवीतून भिजवलेल्या साबुदाण्याचा डबा काढला. शेजारच्या गीताबाई नेमक्या दूध द्यायला आल्या होत्या.

"मंजुळा, कढई काढ," आत्या म्हणाली. "साबुदान्याचे वडे करू."

आई म्हणाली, "अक्का, असं काऊन करता? अजून सण झाला नाही."

"आज काय आहे मंग?"

"शिवरात्र. उपासाचा दिवस. तो काय सण असते?"

"महादेवाचा दिवस सण नाही? गीताबाई, तुम्ही सांगा बरं, आज सण आहे का नाही?"

गीताबाई अडचणीत आल्या. "आता महादेवाले नाही कसं म्हनता येईन?"

"पन अक्का, पहिल्या सणाले पुरण लागते," आई म्हणाली.

"पुरणाची पोळी कशावर करते तू? तव्यावर. मी काय तवा चढवायले आली? कढई चढवायले आली. वडे कढईतच होतात."

"लोक म्हनतीन, होळीपर्यंत दम नाही निघाला."

"लोकायले मी सांगीन. भाऊ माहा होता."

गीताबाई हसल्या आणि पदर तोंडावर घेतला. आईने उठून कढई काढली, घासली आणि आत्यापुढे ठेवली. ती ज्या सहजतेने उठली, त्यावरून मला कळलं की आत्याला फोन तिनेच केला होता. नाही म्हणायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं, आणि गावभर बातमी नेणाऱ्या गीताबाईंसमोर आत्याने ते खोडून काढायचं, असं दोघींचं ठरलेलं होतं. मी नंतर आईला विचारलं. "मले काय माहीत?" एवढंच ती म्हणाली.

आत्याने तेल ओतलं. पहिला घाणा निघाला तो तिने अप्पांच्या फोटोपुढे ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून मोठ्याने रडली. आईही रडली. मग आत्याने नाक पुसून विचारलं, "टिकटं कुठं आहेत?"

शेखरने ती कुणालाच दिली नव्हती.

"दोन हायेत ना? मंग मी येतो. त्याची जागा रिकामी कायले ठेवा?"

"आत्या, तिथं खूप आवाज असतो," मी म्हणाले.

"मले तसंही एका कानानं कमीच येते."

दोन दिवसांनी शेखरने आम्हाला चिखलीवरून बुलढाण्याला सोडलं. मैदानात सगळी कॉलेजची मुलं होती, काळे टी-शर्ट घातलेली, आणि मधोमध नऊवारीतली आत्या. खुर्च्या नव्हत्या. आत्याने फाटकावरच्या वॉचमनला त्याचं गाव विचारलं. तो संग्रामपूरकडचा निघाला. तिथे तिची कुणी चुलत नणंद दिलेली होती. तेवढ्यावर तिने त्याची प्लास्टिकची खुर्ची मिळवली आणि स्टेजच्या बाजूला मांडून बसली.

बँड आला. गायकाला पोट सुटलं होतं आणि त्याने चष्मा लावला होता. पहिल्या ठोक्याला आत्याने दोन्ही कानांवर पदर घट्ट धरला. "छातीत वाजून राह्यलं वं माय," ती ओरडली. तिसऱ्या गाण्यापर्यंत तिने पदर सोडला.

मग ती अप्पांचं नाव घेऊन मला म्हणाली, "भगवंताचं गानं कधी म्हनतीन?"

"माहीत नाही. म्हणतील की नाही तेही माहीत नाही. जुनं आहे."

"मंग फर्माईश दे ना."

तिच्या गावात ऑर्केस्ट्रा आला की प्रेक्षक चिठ्ठी पाठवतात, निवेदक नाव वाचतो आणि गाणं होतं. इथे तसं नसतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लिही तू." मी पर्समधल्या बिलाच्या मागे लिहिलं. ती उठली, स्टेजशी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात कागद दिला, आणि ती मुलगी तो वर देईपर्यंत जागची हलली नाही.

दोन गाण्यांच्या मध्ये गायकाने कागद उघडला. हसला. मग वाचताना त्याचं हसू गेलं.

"दुसरबीडचे कैलासवासी भगवंतराव," तो माईकवर म्हणाला, "यांची फर्माईश आहे. 'फ्यूज'." मागे वळून त्याने ड्रमरकडे पाहिलं. ड्रमर नवा होता, तरुण. त्याने मान हलवली.

मला वाटलं होतं की हे गाणं सुरू झालं की मला अप्पा दिसतील. टेम्पोची केबिन, स्टिअरिंगवर ठेका धरणारी त्यांची बोटं, हे सगळं येईल आणि मला रडू आवरणार नाही. रुमाल हातात तयार होता. पण गिटार सुरू झाली आणि तो ड्रमर असा काही वाजवायला लागला की मी फक्त त्याच्या हातांकडे पाहत राहिले. मधल्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबली, मैदान गप्प झालं, आणि मग तो परत सुरू झाला तेव्हा मी ओरडले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. गाणं संपल्यावर लक्षात आलं की इतका वेळ अप्पा माझ्या मनात नव्हते. जानेवारीपासून असं पहिल्यांदा झालं होतं. मी खुर्चीजवळ जाऊन खाली गवतावर बसले.

आत्या वाकून माझ्या कानाशी आली. "आठवला का?"

खोटं सांगता आलं असतं. "नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढच्या उंच मुलाला पाठीवर थाप मारून बाजूला व्हायला सांगितलं.

स्टेजवर पुन्हा गिटार सुरू झाली.

"हे कोनतं?"

"माहीत नाही आत्या. नवीन असेल. मीही ऐकलेलं नाही."

"मंग बोलू नको," आत्या म्हणाली. "आयकू दे."