एकेरी

आमच्या मालकीणबाईंना यंदा समतेचं भरतं आलं. कुणा थोर पुढाऱ्याचं जुनं भाषण त्यांनी पुस्तिकेत छापायला घेतलं. त्यात तो म्हणतो, माझा बाप साठीत मेला, पण मरेपर्यंत लोक त्याला 'ए पोरा' म्हणूनच हाक मारायचे. वाचून मालकीणबाईंचे डोळे पाणावले. मग फर्मान निघालं : छापखान्यातल्या प्रत्येकाने या भाषणाचा आपल्या आयुष्याशी संबंध जोडून दहा ओळी लिहायच्या. त्या भाषणामागे छापू, आणि समारंभात ज्याने त्याने आपल्या वाचायच्या.

झालं, एकेकाची दुःखं उतू जायला लागली. हिशेबनीसाने लिहिलं, मला खिडकीजवळचं टेबल दिलं नाही. मशीनवाल्याला म्हणे सासुरवाडीत कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. मालकीणबाईंनी स्वतः चार पानं भरली : मुलगी म्हणून वडिलांच्या खुर्चीसाठी त्यांना तब्बल दोन महिने थांबावं लागलं. धन्य आहे.

मी बाइंडर. मीही लिहिलं. इथे एकोणतीस वर्षं पुस्तकं शिवते. मालकीणबाई रांगत होत्या तेव्हा त्यांना कागदाच्या कपट्यांत मी खेळवलं. आज त्या मला 'अगं-तुगं' करतात, आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान हिशेबनीसाला 'तुम्ही'. हे मला लागतं. बस, एवढंच.

सून म्हणाली, "अहो आई, नोकरी जाईल." मी म्हटलं, जाऊ दे, पण एकदा हे त्यांच्या तोंडावर वाचणार.

छापलेले कागद शिवायला माझ्याकडेच आले. बघते तर माझ्या नावावर एकच ओळ : 'मालकीणबाई मला आपलेपणाने एकेरीत हाक मारतात.' हिशेबनीस गायब, लागणंही गायब. प्रुफं तपासणाऱ्या मास्तरांना विचारलं, तर चष्माही न काढता म्हणाले, "अगं, मालकीणबाईंनीच सुधारलंय. किती गोड वाटतंय बघ." म्हणजे हेही त्यातलेच. पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतू? गपगुमान तीनशे प्रती शिवल्या. सुई बोटात दोनदा घुसली, इतका संताप होता.

समारंभाला पाहुणे, गिऱ्हाइकं, सगळी खुर्च्यांवर. हिशेबनीस खिडकीसाठी रडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसं कशालाही टाळ्या वाजवतात.

मग मालकीणबाई माइकवर म्हणाल्या, "आता आपली बाइंडर वाचेल. ये गं, लाजू नकोस."

मी उठले. पुस्तिका खुर्चीवरच ठेवली. त्यातलं माझं नव्हतंच काही.

"आले गं," मी म्हटलं. "सरक जरा. माइक दे इकडे."

मालकीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. माइकवरचा हात आपोआप सुटला. मास्तरांनी खाली मान घातली.

"तू मला काय म्हणालीस?" तिने हळूच विचारलं.

"अगं, आपलेपणानं म्हटलं," मी माइकवर सांगितलं. "गोड नाही वाटलं?"

नोकरी गेली नाही. माझ्यासारखी शिलाई जमणारं दुसरं कुणी नाही, एवढं तिला कळतं. पण त्या दिवसापासून ती मला हाकच मारत नाही. काम असलं की चिठ्ठी पाठवते : 'तुम्ही उद्यापर्यंत शंभर प्रती द्या.' तोंडातून अजून निघत नाही बिचारीच्या.