कोलशेतची पोथी आणि तिची नक्कल

राणीच्या राज्यातली गोष्ट. कोलशेतला तेव्हा खाडीकाठानं नुसती मिठागरं, आणि गावात शपथ घ्यायची तर ती नाथाच्या घरच्या पोथीवर. जाड पिवळ्या कागदाची, हातानं लिहिलेली, लाल फडक्यात बांधलेली. आत काय लिहिलंय ते गावात कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. चोरी झाली, बांध फुटला, की पोथी पारावर यायची. खरा माणूस हात ठेवायचा आणि घरी जाऊन जेवायचा. खोट्याचा हात तिच्यापाशी गेला की लटपटायचा. पंढरीच्या बापाचा असाच लटपटलेला, तिथंच कबूल होऊन मटकन खाली बसलेला. लोक ते अजून रंगवून सांगायचे, पंढरीच्या तोंडावरसुद्धा.

अशा पोथीला लागली वाळवी. नाथा हवालदिल. नेमके तेव्हाच कल्याणचे हरिहरपंत आले. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी गावोगाव हिंडून जुन्या पोथ्या जमवायचं त्यांचं काम. माणूस भला. ओटीवर टेकला, पोथी उघडली आणि कुरतडलेल्या कडेवर लेकराच्या जखमेवर फिरवावं तसं बोट फिरवलं.

"नाथा, अजून एखाददुसरा पावसाळा. मग भुसा उरेल."

"मंग करू काय, पंत?"

"आम्हाला दे. काचेच्या कपाटात राहील. तिच्या नकला करू. एक पुण्याला जाईल, एक काशीला, एक तुला. अरे, एका घरात कोंडलेली विद्या सगळ्यांची होईल."

"देव कोण वाटून देतंय का?" आतून नाथाची बायको गोदा बोलली.

"तू गप ऱ्हा. वाळवी खात व्हती तवा तुझा देव झोपलेला?"

आणि दिली. गावाला विचारलंसुद्धा नाही. पंतांनी बोलल्याप्रमाणे नक्कल पाठवली, तीही सुरेख. पांढरा कागद, टपोरं अक्षर. नाथानं ती जुन्याच लाल फडक्यात बांधली. गावानं पाहिली, मान हलवली आणि वाटेला लागलं.

मग एका उन्हाळ्यात, मिठाची रास घालायच्या ऐन दिवसांत, मिठागराची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारी फळी, कुणीतरी रात्री उघडली. भरतीचं पाणी आत शिरलं आणि सगळ्या गावाचं पिकलेलं मीठ विरघळून गेलं. राखणीला होता नाथा. त्याचा डोळा लागलेला.

सकाळी पंढरीच्या अंगणात ओलं जाळं वाळत होतं आणि घरात कोळंबी शिजत होती. उघाडी उघडली की आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडावर जाळं लावायचं, हा धंदा नाथाला ठाऊक होता. पण पारावर सगळ्यांदेखत बोलायला गेला तर पंढरीच उलटला.

"राखण तुझी, आन् चोर मी? झोपला व्हतास का उघाडी उघडून बसला व्हतास, ते तूच सांग गावाला."

"पोथीवर हात ठेवतो. तू पन ठेव."

"कंच्या पोथीवर?" म्हातारा उत्तम म्हणाला. सगळा पार हसला.

नाथाला ते हसणं झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ठाण्याला आगगाडी धरली आणि विद्यापीठाची ती दगडी इमारत गाठली. पंतांनी ओळखलं, आत नेलं, सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

"पोथी इथं नाही, नाथा. विलायतेतल्या एका पंडितानं अभ्यासाला मागितली. बोटीनं गेलीय. विद्यापीठं आपसात अशी देवघेव करतात."

"परत कवा येल?"

"वर्ष लागेल."

"आली की मना द्याल? एक दिस. पारावर ठेवतो, हात ठेवतो, आनून देतो."

"तसा नियम नाही रे. मूळ पोथी फक्त विद्यापीठाकडून विद्यापीठाला जाते."

"बोटीत बसून सात समिंदर जाते, आन् कोलशेतला येत नाय?"

पंतांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "तुला नक्कल दिलीय ना. अक्षर न् अक्षर तेच आहे."

अक्षरं घेऊन नाथा काय करणार? तो घरी आला.

पारावर नक्कल ठेवली. आधी पंढरी आला. धान्याच्या पोत्यावर थाप मारावी तसा हात ठेवला, "मी नाय उघडली," म्हणाला आणि मिशीला पीळ देत उभा राहिला. बाजारातल्या नव्याकोऱ्या कागदाला तो कशाला भितोय?

मग नाथा उठला. फडकं तेच होतं. त्याच्यावर हात नेला आणि त्याला विलायतेतलं कुठलंसं टेबल दिसलं. तिथं कुणी परका माणूस त्याच्या आज्याची पोथी उलगडून बसलेला. आपणच धाडली. नाथाचा हात थरथरायला लागला. दुसऱ्या हातानं धरला, तरी थांबेना.

उत्तम नुसता म्हणाला, "बघितलंत ना?" आणि धोतर झटकून उठला.

त्याच्यामागं एकेक करून सगळा पार उठला. जाता जाता पंढरी थबकला आणि फडक्याची गाठ त्यानं नीट बांधली.

"जप ही, नाथा," तो म्हणाला. "खरी हाय तुझी पोथी."