तिसरी घंटा भोंग्याची

वैशाखाचं ऊन उतरलं होतं, पण सोलापूरच्या दगडाविटांतून त्याची धग अजून निघत होती. ताम्रवर्णी, तप्त, तृषार्त संध्याकाळ. बंद गिरणीच्या निर्धूम धुराड्याआड सूर्य कलला आणि छपराच्या भग्न काचांतून केशरी पट्टे मागखात्यात उतरले. माग मात्र तिथे नव्हते. फरशीत रुतलेले त्यांचे गंजके बोल्ट तेवढे ओळीनं उरले होते.

माग भंगारात गेले, माणसं वाऱ्यावर गेली, राहिली ती धूळ. त्या धुळीत आज नाटक होतं.

पद्मजा यन्नम त्याची दिग्दर्शिका. मखमली पडद्याची तिला मुळातच चीड. ती नाटक करायची ते उजाड बाजारओट्यांवर, निर्जल बारवेच्या पायऱ्यांवर, पडक्या धर्मशाळेत. लोक म्हणत, बाईचं डोकं फिरलंय. म्हणोत बापडे! पण या गिरणीत तिला एकाच प्रेक्षकाची आस होती. तिच्या वडिलांची, लक्ष्मीपती अप्पांची.

अप्पा याच खात्यातले विणकर. गिरणीला टाळं लागलं तेव्हापासून ते वळसा घालून जात, पण या रस्त्यानं पाऊल टाकत नसत. अलीकडे त्यांची स्मृतीही विरू लागली होती, जुन्या धोतरासारखी, मधूनच. लेकीचं नाव कधी आठवे, कधी नाही. सगळं पुसलं जाण्याआधी त्यांनी एकदा यावं, आपलं दुःख लेकीनं उभं केलेलं पाहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"नाटक? तिथं?" सकाळी अप्पा म्हणाले होते. "मढ्याला शालू नेसवतीस व्हय, पोरी?"



तिसरी घंटा झाल्याशिवाय नाटक उघडत नाही, ही रंगभूमीची रीत. गिरणीत घंटा कुठली? घंटेऐवजी गिरणीचाच जुना भोंगा वाजवू, हे पद्मजाला सुचलं तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली होती. कॉम्प्रेसर आणला, गंज खरवडला, हवा भरली. आणि मावळतीला, ऐन पाळीच्या वेळेला, भोंगा वाजला. दीर्घ, घोगरा, आर्त. गल्लीगल्लीतून घुमला, घराघरांत शिरला. प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला आणि पद्मजा मनोमन सुखावली.

नाटक सुरू झालं, रंगत गेलं. अर्ध्यावर अप्पा आले.

अंघोळ करून, केस चापून, जुना खाकी सदरा चढवून, हातात डबा घेऊन दारात उभे. तिचा ऊर भरून आला. आले! अखेर आले गं बाई! पण अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही, नटांकडेही नाही. नटांच्या मधूनच वाट काढत ते एका ओळीत शिरले, आपल्या बोल्टांपाशी थांबले, डबा खाली ठेवला. मग जिथे काहीच नव्हतं तिथे त्यांचे हात चालू लागले.

"उशीर झाला, साहेब," मान खाली घालून ते पुटपुटले. "भोंगा ऐकला तसा निघालो."

पद्मजाच्या आता ध्यानात आलं. अप्पा पाळीला आले होते. मेलेल्या गिरणीच्या आवाजात तिनंच त्यांना हाक मारली होती.

"वा! काय नट आहे म्हातारा!" प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. तिला त्या थोबाडीत बसल्यासारख्या लागल्या.

नट भांबावून तिच्याकडे पाहू लागले. तिनं नुसती खूण केली असती तरी नाटक पुढे सरकलं असतं, अप्पांना कुणीतरी हळूच बाहेर नेलं असतं. तिनं खूण केली नाही. अंधारातून उठून ती स्वतःच झोतात गेली.

"अप्पा, चला घरी."

अप्पांनी तिला अनोळखी डोळ्यांनी न्याहाळलं. "नवी लागलीस काय गं? उभी काय ऱ्हायलीस? धागा तुटलाय बघ, जोड."

तिनं पाहिलं. हवा होती, धूळ होती, पिवळा निर्दय उजेड होता. पद्मजा गुडघ्यांवर बसली. चिमटीत नसलेलं एक टोक धरलं, नसलेलं दुसरं धरलं, गाठ मारली.

अप्पांनी वाकून पाहिलं. "सैल झाली," म्हणाले. "पुन्हा मार."

तिनं पुन्हा मारली. आणि पुन्हा. आणि पुन्हा.