तिसरी पट्टी

"खोलीला कोपरे चार, म्हणून स्पीकर चार," हे आमच्या सासऱ्यांचं गणित. टीव्हीला जोडायचा स्पीकरांचा संच घरात आला तेव्हा त्यांनी चार कोपऱ्यांत चार बसवले, धमधम करणारा खोका सोफ्यामागे ढकलला आणि एक स्पीकर उरला. त्याची वायर नीट गुंडाळली, रबर लावलं, टीव्हीखाली ठेवून दिला. आता त्यावर त्यांचा औषधांचा डबा असतो. "उरलेला काय छताला टांगू?" हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, आणि दर पाहुण्यासमोर हसतेय. सुनेला काय, हसावंच लागतं.

त्या संचावर एक डिस्क हटकून लागायची. माझ्या नणंदेच्या गायकवृंदाचा कार्यक्रम. शेवटच्या गाण्यात मधला भाग ताई एकट्या गायल्या होत्या म्हणे. म्हणे अशासाठी, की बाकी सगळे खणखणीत ऐकू यायचे आणि ताई तेवढ्या विहिरीतून बोलल्यासारख्या. "ही नुसते ओठ हलवत होती!" सासरे म्हणायचे. सगळे हसायचे, ताईसुद्धा. हसता हसता त्यांनी गाणंच सोडलं, ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यंदा ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. अगदी कुजबुजसुद्धा उरली नाही. आता त्या फोनवर टाइप करून दाखवतात.

परवा रविवारी दुपारी त्यांनी ती डिस्क माझ्यापुढे ठेवली आणि फोन पुढे केला. 'माझा आवाज कसा होता ते मलाच आठवेनासं झालंय. दुसरीकडे कुठेही नाही. यात सापडला तर काढून दे. नसेल तर टाकून दे.'

जुना प्लेअर कधीच मेला होता, आणि डिस्कवर मांजरानं नखं घासावीत तसे ओरखडे.

मी शाळेत संगणक शिकवते. शाळा सॉफ्टवेअरसाठी छदाम देत नाही, त्यामुळे फुकटातलं झाडून सगळं मला येतं. एक प्रोग्राम डिस्कची नक्कल करतो, दुसरा चित्र बाजूला सारून आवाज काढतो, तिसरा तो आवाज उलगडून दाखवतो.

"फुकटचं ना? मग झालंच काम," सासरे कप घेऊन शेजारी बसले.

"बाबा, फुकट ते पौष्टिक!"

नक्कल सुरू झाली. ओरखडा आला की प्रोग्राम अडायचा, मागे फिरायचा, तीच जागा पुन्हा वाचायचा. पुन्हा अडायचा, पुन्हा फिरायचा. एवढा हट्टी प्राणी मी घरात एकच पाहिला होता, आणि तो शेजारी चहा पीत होता. ताई स्क्रीनकडे बघत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. चहा संपला, दुसरा झाला, आणि शेवटी नक्कल पुरी झाली.

मी आवाज काढला, उघडला. आणि बाई गं! एका गाण्याच्या सहा पट्ट्या, एकीखाली एक, दर स्पीकरची वेगळी. एवढ्याशा तबकडीत अख्खा हॉल घडी करून ठेवलेला. पहिल्या दोन पट्ट्यांत डावीउजवीकडचे गायक. चौथीत नुसती घरघर. शेवटच्या दोन वाजवल्या तर पाठीमागच्या खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं, कुणीतरी श्वास रोखला. मी वळून मागे पाहिलं, इतकं ते खरं होतं.

राहिली तिसरी. मध्यापर्यंत शांत, आणि मग एकदम भरगच्च. बाकीच्या बंद केल्या आणि ती एकटी लावली.

काय सांगू! आवाज आला तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. स्वच्छ, भरदार, वर चढताना जराही न थरथरणारा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसून लसूण सोलत होती, आणि मला पत्ता नाही!

"कोण गातंय हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"मधला स्पीकर, बाबा." माझा आवाज चढलाच. "ताईंना मधे ठेवलं होतं त्या लोकांनी. सगळ्यांच्या मधे. आणि आपण त्यावर गोळ्या ठेवल्या."

ते उठले, औषधांचा डबा उचलला, आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातात धरून उभे राहिले.

ताईंनी खुणेनं सांगितलं, पुन्हा. मी पुन्हा लावलं. त्यांचा भाग सुरू होताच त्यांनी मान वर केली आणि गायला लागल्या. एक शब्द चुकला नाही, एक श्वास इकडचा तिकडे झाला नाही. खोलीभर त्यांचा आवाज घुमत होता.

सासरे पापणी न लववता लेकीकडे बघत होते. तिचे नुसते ओठ हलत होते.