काळ्या काचा

गाडी माझी. पैसे माझे, झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र-रात्र उभं राहून, घसा बसेस्तोवर बोलून कमावलेले. पण तिच्या काचा काळ्या करण्याचा मान मात्र माझ्या भासऱ्यांचा. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मुखरूभाऊ. गाडी घरी आली आणि आठवड्याच्या आत ते ती ब्रम्हपुरीला घेऊन गेले. परत आणली तेव्हा चारही बाजूंना काळी फिल्म. समोरच्या काचेवर जरा फिकी, पण होतीच. मला विचारलं नाही. विचारणार कसे? आमच्या घरात भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. मी डोक्यावर पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची, आणि जे काही असेल ते सासूबाईंच्या मार्फत.

ही मार्फत म्हणजे भारी प्रकार आहे. मुखरूभाऊ खाटेवर बसलेले, मी समोर चहाचा कप घेऊन उभी, आणि ते त्यांच्या आईला म्हणणार, "माय, तिले सांग, साखर कमी टाकत जाय." मग सासूबाई, गुणाबाई, माझ्याकडे वळून म्हणणार, "रंजीता, साखर कमी टाकत जाय." मी म्हणणार, "आई, त्यायले सांगा, आज साखर टाकलीच नाई." गुणाबाई पुन्हा तिकडे वळणार. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली, आणि आठ वर्षं ही बाई हाताभराच्या अंतरावर निरोप पोचवते आहे. पोस्टानं तिला पेन्शन द्यायला हवी.

फिल्म कशासाठी, तर गावानं मला पाहू नये म्हणून. घरच्यांनी सांगून ठेवलेलं, धाकटी सून वडशाला एका दवाखान्यात रात्रपाळी करते. दिवाळी झाली की सुरू आणि उन्हाळा लागला की बंद, असा कुठला दवाखाना असतो? गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं मी कुठे जाते ते. आरमोरीला, सिंदेवाहीला आमच्या गावच्या लोकांनी पुढच्या रांगेत बसून मला रडताना पाहिलं होतं आणि स्वतःही रडले होते. पण लोकांना माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांना दिसणं वेगळं, असं मुखरूभाऊंचं शास्त्र. सून नाटकवाली आहे हे कळलं तर चालतं, गल्लीतून जाताना दिसली की इज्जत गेली.

त्या फिल्मपायी मी एकदा मरता मरता वाचले. पहाटे नागभीडच्या जंगलातून येत होते. समोर रानगवा आडवा उभा, आणि मला दिसला तो पार पुढ्यात आल्यावर. ब्रेक दाबला, गाडी रस्त्याखाली उतरली, गवा मजेत चालत निघून गेला. घरी येऊन सगळं सांगितलं. भासऱ्यांकडून मार्फत उत्तर आलं, "तिले सांग, सावकाश चालवत जाय."

यंदा आमच्याच गावच्या मंडईला कमिटीनं आमच्या मंडळाचं नाटक ठरवलं. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. त्या दिवशी घरोघर पाहुणे, आणि रात्री नाटक हवंच. बसस्टँडजवळ हे मोठं पोस्टर लागलं. त्यात मधोमध मी, डोळ्यांत पाणी आणि अंगावर नवरीचा शालू. आता दवाखान्याची गोष्ट सांगायलाही जागा उरली नाही.

मंडईच्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. मुखरूभाऊ ओसरीवर आले आणि खांबाकडे पाहत म्हणाले, "माय, तिले सांग. आज माह्या सासरचे पाव्हने येऊन राह्यले. नाटकात जायचं नाई. पोट दुखून राह्यलं म्हनून कळव म्हना मंडळाले."

गुणाबाईंनी सांगितलं. मी म्हटलं, "आई, त्यायले सांगा, मी गेली नाई त नाटकच पडते. आता दुसरी बाई कुठून आनतीन ते लोक? अन् आपल्याच गावातलं नाटक पाडलं त पुढं मले कोन उभं करन? घरी बसा लागन मले."

गुणाबाईंनी तेही सांगितलं. बराच वेळ खांबाकडे पाहून झाल्यावर निकाल आला. "मंग मागच्या वावरातून गाडी काढ म्हना. काचा वर ठेवजो म्हना. गल्लीतून जायचं नाई."

मागच्या वावरातून! माझ्याच गावात, माझ्याच नाटकाला, मी धानाच्या ढिगांआडून लपत जायचं! माझं डोकं असं सणकलं की झाडू हातातच राहिला. बोलून काय उपयोग, तिसऱ्या तोंडातून गेलेला राग पोचेपर्यंत थंड होतो. मी गाडीची किल्ली घेतली.

माझा नवरा प्रवीण राइस मिलमध्ये ऑपरेटर आहे. माणूस चांगला, पण घरात वाजणार असं दिसलं की त्याला मिलमध्ये जादा काम निघतं. त्या दिवशीही निघालं.

गाडी मी अंगणाच्या मधोमध, उन्हात, तोंड गल्लीकडे करून उभी केली. फिल्म काढायची तर काच तापायला हवी. तापेपर्यंत मी कोमट पाण्यात शाम्पूची पुडी फोडली, जुनं बनियन फाडून फडके केले, प्रवीणच्या दाढीच्या सामानातून ब्लेड घेतलं. फिल्म आतून लावलेली असते. दार उघडून आतून पाणी चोपडलं, वरच्या कोपऱ्यात ब्लेडनं टोक सोडवलं आणि हळूहळू खाली ओढलं. पहिल्या काचेची फिल्म अख्खी सुटली. तो काळा, ओला पापुद्रा हातात आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो जोरात तुळशीच्या ओट्यापाशी आपटला.

दुसरी काच काही एवढी शहाणी नव्हती. फिल्म चिंध्या-चिंध्यांनी निघाली आणि गोंद तसाच राहिला. पण गोंदाला मी भीत नाही. आमच्या नाटकात राजापासून दरोडेखोरापर्यंत सगळ्यांच्या मिशा गोंदानंच चिकटवलेल्या असतात, आणि नाटक संपल्यावर त्या खोबरेल तेलानं निघतात. काचेला तेल चोळलं, जरा मुरू दिलं, ब्लेड तिरपं धरून खरवडलं. निघाला.

खरवडण्याचा आवाज ऐकून गुणाबाई बाहेर आल्या. त्यांनी चिंध्यांकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि आत जाऊन मूठभर राख घेऊन आल्या.

"राखीनं घास ना. भांडे कसे चमकतात."

"नाई नाई आई, राख नोका लावू. काचेले रेघा पडतात." मी त्यांना समोरच्या काचेजवळ नेलं. प्रवीणनं एकदा प्रेमानं गाडी धुतली होती, राख आणि धानाच्या तणसाची गुंडी घेऊन. त्याच्या हाताच्या प्रत्येक फेऱ्याची रेघ काचेवर होती. "रातच्यानं समोरून ट्रक आला की ह्या सगळ्या रेघा पेटतात. रस्ताच दिसत नाई."

गुणाबाईंनी राख तुळशीत टाकली. मग त्या काचेवरचे किडे बोटानं खरडू लागल्या. धान कापणीच्या दिवसांत हेडलाइटवर तुडतुडे असे झेपावतात की सकाळी काचेवर त्यांचा थरच असतो.

"खरडू नोका. ओला फडका टाकून ठेवा वरून. भिजले का आपोआप निंगतात."

त्यांनी वायपर उचलला, ओला फडका काचेवर अंथरला, आणि वाट पाहत बोनेटला टेकून उभ्या राहिल्या.

"मी तुह्यं नाटक पायलंच नाई कधी," त्या म्हणाल्या.

"काऊन पायलं नाई?"

"दवाखान्यात कोन पाह्यले जाते, बाई?"

मी हसले. खूप हसले. आणि मग मला एकदम रडू आलं, म्हणून मी गाडीच्या आत वाकून मागची काच घासायला लागले. सगळा झाडीपट्टीचा मुलूख मला पाहतो, आणि जिच्या हातचं मी रोज जेवते, तिनं मला पाहिलेलं नाही!

शेजारच्या नीलाबाई कुंपणाच्या तट्टीवरून डोकावल्या. "काय करून राह्यली व, रंजीता? काचा उघड्या?"

"उघड्या."

"बरं केलं, माय. तू आतमंदी बसली का आमाले दिसतच नाई. आमी हात करतो, अन् तू तशीच निंगून जातेस. आमाले वाटे, हिरोईन झाली, आता कायले पायते आमाले."

माझ्या हातातला फडका थांबला. मी दर वेळी हात केला होता. नीलाबाईंना, पिठाच्या गिरणीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांना, पाण्याच्या टाकीवरच्या बायांना. इतकी वर्षं मी आतून हात करत होते आणि बाहेर गाव मला माजोरी म्हणत होतं. आतापर्यंत राग आला होता तो माझ्यापुरता होता. आता मात्र मी समोरच्या काचेला अशी भिडले की ब्लेडनं बोट कापलं, त्यावर चिंधी गुंडाळली आणि पुढे खरवडत राहिले.

समोरच्या काचेला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाहेरून गुणाबाई, आतून मी. त्यांनी भिजलेले किडे पुसले, मी फिल्म सोलली, तेल लावलं, गोंद काढला, पुन्हा शाम्पूचं पाणी, मग साधं पाणी. शेवटी दोघींनी जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून काचा कोरड्या घासल्या. प्रवीणच्या रेघा राहिल्याच, त्याला इलाज नाही. पण आतून बाहेर पाहिलं तर अंगण, गल्ली, पलीकडचं मोहाचं झाड, सगळं आपापल्या रंगात होतं. मी त्या गाडीतून गाव पहिल्यांदा पाहत होते.

दुपार कलली. माझी कपड्यांची पेटी मी मागच्या सीटवर ठेवली. तेवढ्यात मुखरूभाऊ मोटरसायकलवरून आले. मागून ऑटोत त्यांच्या सासरचे पाहुणे. पाहुणे उतरून ओसरीवर बसले आणि सकाळपासून स्वयंपाकात गुंतलेल्या माझ्या जाऊबाईंनी त्यांना चहा आणून दिला. मुखरूभाऊंनी गाडीकडे पाहिलं, जमिनीवरच्या काळ्या चिंध्यांकडे पाहिलं, आणि मोटरसायकल परत मागे नेऊन फाटकात आडवी लावली.

"माय, तिले सांग. गाडी इथून निंगनार नाई."

गुणाबाई बाजूची काच पुसत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"माय, आयकून राह्यली का?"

"आयकलं. तिनंबी आयकलं. तिचे कान काई फुटले नाई."

"तू सांग तिले."

"नाई सांगत."

ओसरीवर पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मुखरूभाऊंचा आवाज चढला. "काऊन नाई सांगत?"

"लय सांगतलं. पोरगी जंगलात मरता मरता वाचून आली, तवाबी मी तिले सावकाश चालव म्हनून सांगतलं. तुह्या तोंडचं माह्या तोंडून निंगालं, अन् लाज मले वाटली. तुले काई सांगाचं असन त तूच सांग. पुढ्यात उभी हाय ते."

एवढं बोलून गुणाबाईंनी पुढचं दार उघडलं, नऊवारीचा काष्टा सावरला, माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं.

मी स्टिअरिंगवर बसले. काम करताना पदर कमरेला खोचला होता. भासरे समोर, म्हणून हात सवयीनं पदराकडे गेला. मी तो हात परत आणून गिअरवर ठेवला. मग मान वर केली आणि काचेतून त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्यांनीही पाहिलं. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. माणूस थकलेला दिसत होता, केस पार पिकलेले. मला वाटलं होतं तेवढा तो उंचही नव्हता.

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काय म्हणून हाक मारणार? माझं नाव त्यांनी कधी घेतलेलं नाही. मला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', तेही कधी ठरलेलं नाही. हाताला धरून उतरवता येत नाही, कारण भासऱ्यानं शिवायचं नसतं. त्यांच्या सासरची माणसं ओसरीवरून पाहत होती, तेव्हा स्वतःचाच नियम मोडणार तरी कसा? आठ वर्षं त्या नियमानं माझं तोंड बांधलं होतं. आज त्यांचं बांधलं गेलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

मी काच खाली केली.

"भाऊ, माह्यं नाव रंजीता हाय. काय सांगाचं ते मले सांगा. मी आयकून राह्यली."

मी थांबले. मेकअपला उशीर होत होता तरी थांबले, त्यांना पुरता वेळ दिला. मग मी हॉर्न वाजवला. एकदाच, पण लांब. गल्लीतली माणसं फाटकापाशी येऊन उभी राहिली.

मुखरूभाऊंनी पाहुण्यांकडे पाहिलं. गाडीत बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं. ती समोरच्या स्वच्छ काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होती. मध्ये निरोप न्यायला कुणीच नव्हतं. त्यांनी मोटरसायकलचा हँडल धरला आणि माझ्याकडे न बघता, पण मलाच, म्हणाले, "घेतो बाजूले."

"बरं," मी म्हटलं आणि गाडी गल्लीत काढली.