भुरीची खिरापत

मंदाकिनीबाई गेल्यानंतर डोंबिवलीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरील घरात दोनच जीव उरले. एक, कल्याणच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले श्रीपादराव आणि दुसरी, बाईंनी जिन्याखालून उचलून आणलेली भुरी कुत्री. तिला फिरवणे, भरवणे, न्हाऊ घालणे हे सारे बाईंचे होते. श्रीपादरावांचा तिच्याशी संबंध पायात घोटाळली तर बाजूला करण्यापुरताच. परंतु पत्नीने मागे ठेवलेला हा जीव आता आपल्या पदरी आला, असे त्यांनी मानले. आणि हाती घेतलेले काम यथासांग करावे, हा त्यांचा जन्माचा स्वभाव होता.

सकाळी पूजा आटोपून नैवेद्य दाखवला, की स्वच्छ थाळीत दहीभाकरी कालवून ते भुरीपुढे ठेवीत आणि मगच स्वतःच्या पानावर बसत. मुक्या प्राण्याचा घास आधी, ही रीत त्यांना वडिलांनी घालून दिली होती. भुरी ती थाळी बघता बघता चाटूनपुसून लख्ख करी. मग मात्र उभा दिवस तिच्यापुढे रिकामा पसरलेला असे. ती दार ओरबाडी, खुर्चीचे पाय कुरतडी, आणि दुपारी आळी शांत झाली की भुंकत सुटे.

ठाण्याला राहणारी त्यांची मुलगी कादंबरी एकदा पिशवीभर खेळणी घेऊन आली. आत खाऊ भरायचे पोकळ रबरी खेळणे, घरंगळवला की एकेक दाणा बाहेर टाकणारा भोकांचा चेंडू, घास लपवायला घड्याघड्यांची कापडी चटई.

"तिचं पोट भरतं बाबा, डोकं उपाशी राहतं," ती म्हणाली. "शोधू दे तिला. दमेल, झोपेल."

श्रीपादरावांनी ती पिशवी आदराने कपाटात ठेवून दिली. अन्न समोर मानाने वाढावे. त्यासाठी भुकेल्या जीवाला झगडायला लावणे हा अन्नाचाही अपमान आणि त्या जीवाचाही, असे त्यांनी मुलीला शांतपणे समजावले. ती नुसती हसली.

पुढे खालच्या मजल्यावरच्या शेवंतीबाईंच्या तक्रारी वाढत गेल्या, तेव्हा मात्र कादंबरी हसली नाही. कल्याणपलीकडे मोहन्याला तिच्या मित्राची, संदेशची, मोकळी जागा होती. दसरा झाला की भुरीला तिकडे पोहोचवायचे, असे तिने फोनवर ठरवून टाकले. श्रीपादरावांना विरोध करता येईना. त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. आपण बोलावले की भुरी अजूनही आधी बाईंच्या रिकाम्या खाटेकडे पाहते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. घरात त्यांच्याखेरीज बाईंना ओळखणारे तेवढेच कुणीतरी उरले होते, आणि आता तेही जाणार होते.

नवरात्रात शेवंतीबाई दारात उभ्या राहिल्या. आणखी एक तक्रार ऐकायची तयारी ठेवून श्रीपादरावांनी दार उघडले. पण त्यांना हवा होता मंदाकिनीबाईंचा भोंडल्याचा पाट, हत्ती रंगवलेला.

"आणि खाली या तुम्हीही," जाता जाता त्या म्हणाल्या. "तुमच्या भुरीलाही आणा. तशीही ती वरून आमच्यात सूर मिसळणारच, सर."

इमारतीच्या आवारात पाट मांडला गेला. मोबाईलवर शब्द बघत बायका-मुलींनी फेर धरला. गाणी संपल्यावर शेवंतीबाईंनी झाकणाचा डबा मुलींपुढे खुळखुळवला. गोड की तिखट, ओले की कोरडे, असा गलका उडाला. पदार्थांची नावे घेतली जात होती, शेवंतीबाई मान हलवत होत्या, डबा काही उघडत नव्हता.

श्रीपादरावांच्या हातातला पट्टा अचानक ताणला गेला. कान ताठ करून, मान तिरकी करून भुरी त्या डब्याकडे पाहत होती. कित्येक महिन्यांत तिच्या डोळ्यांत अशी चमक त्यांनी पाहिली नव्हती.

त्यांना मंदाकिनीबाई आठवल्या. भोंडल्याहून परतल्या की घरातल्या पंडितासाठी राखलेली खिरापत त्या वाटीखाली झाकून आणीत आणि ओळखल्याशिवाय हाताला लागू देत नसत. ते गंभीरपणे वाटली डाळ म्हणत, निघत चुरमुरे. त्या पदर तोंडाला लावून हसत आणि दुसरी संधी देत. इतक्या वर्षांत ते क्वचितच जिंकले असतील. तरी वाटी उघडण्यापूर्वीचा तो क्षण, त्या खिरापतीहून गोड, आज त्यांच्या जिभेवर जसाच्या तसा परत आला. देवीचा प्रसाद होता तो. खेळवून दिला जात होता, आणि त्यात कुणाचाही अपमान नव्हता.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर त्यांनी थाळी घेतली नाही. पिशवी काढली. रबरी खेळण्यात दहीभाकरी दाबून भरली, पण विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कठीण पाठ द्यावा तशी, फार घट्ट. भुरीने जीभ घातली, पंजा मारला आणि केविलवाणी त्यांच्याकडे पाहत बसली. त्यांचा हात थाळीकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला. मग जमिनीवर मांडी घालून त्यांनी चमच्याने थोडी भाकरी सैल केली. भुरी पुन्हा खाली वाकली. दुपारी ती बाईंच्या खाटेपाशी गाढ झोपली होती, आणि खालून तक्रार घेऊन कुणीच वर आले नाही.

दसऱ्यानंतर कादंबरी आली, तेव्हा चटईच्या घड्यांत नाक खुपसून भुरी उकडलेल्या रताळ्याचे तुकडे शोधत होती. ओळखीच्या माणसालाही तिने शेपटीचा एकच फटकारा दिला, कामात होती. कादंबरी बराच वेळ दारातच उभी राहिली. शेवटचा तुकडा मिळाल्यावर भुरीने चटई दातांत धरली, खाटेकडे न बघता थेट श्रीपादरावांपाशी ओढत आणली आणि त्यांच्या पायांवर टाकली.

कादंबरीने तिथूनच संदेशला फोन लावला आणि भुरीला आणत नसल्याचे कळवले. मग वडिलांशेजारी जमिनीवर बसत तिने विचारले, "उद्या काय घालणार आहात तिला?"

श्रीपादरावांनी ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोल," ते म्हणाले. "तिच्यासमोर सांगायचं नसतं."