प्रोटॉन झालेला माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. आहे कसला, होतो! आता माझी खापरं शाळेच्या कुंपणाशी पडली आहेत आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

भूमच्या कल्याणप्पा कुंभारांनी मला घडवलं. आठवडी बाजारात दीपमालाबाईंनी टिचकी मारली, मी खणखणलो आणि त्यांच्या घरी गेलो. उन्हाळाभर येईल त्याची तहान भागवली, कौतुकही झालं. मग फ्रिज आला आणि माझी रवानगी न्हाणीमागं झाली. गरज सरो, वैद्य मरो!

तिथून मला उचललं त्यांच्या मुलीनं, राजनंदिनीनं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं माझ्या पोटात रबरी दोऱ्यांनी तीन गोट्या टांगल्या आणि तोंड मातीनं लिंपलं. मी झालो अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन, गोट्या झाल्या त्याच्या आतले कण, क्वार्क. पहिला नंबर काढून तिला जिल्ह्याला, धाराशिवला जायचं होतं.

"शास्त्रज्ञ प्रोटॉनवर वेगानं इलेक्ट्रॉन मारतात," ती सांगायची. "प्रोटॉन क्षणभर उत्तेजित होतो, लगेच शांत होतो. इलेक्ट्रॉन किती ऊर्जा देऊन कुठं उडाला, त्यावरून आतली रचना कळती. मारा टिचकी!"

पोरं हळू मारत, जोरात मारत, कान लावत आणि आत काय असेल यावर भांडत. एवढा मान मला भर उन्हाळ्यातसुद्धा मिळाला नव्हता.

मग परीक्षक रणधीर सर आले. टिचकी न मारताच म्हणाले, "आत काय हाय ते उघडून दाखव."

"सर, प्रोटॉनमधनं एकटा क्वार्क आजवर कुणालाच बाहेर काढता आला न्हाय. म्हणून तर बाहेरून मारून बघायचं."

"लई शहाणी हायस!" म्हणत त्यांनी शाळेच्या घंटेचा हातोडा उचलला आणि मला हाणला.

माझे तुकडे झाले. गोट्या दोऱ्यांसकट जमिनीवर लोळल्या. सर वाकून बघत म्हणाले, "हात्तिच्या, गोट्याच की!" आणि पुढच्या टेबलाकडं वळले. "मॉडेल फुटलंय. बाद."

राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कापला नाही. "फुटलं न्हाय सर. तुम्ही फोडलं."

एकही शिक्षक तिच्या बाजूनं बोलला नाही. धाराशिवला दुसरंच मॉडेल गेलं.

मित्रांनो, माठ काय, बाजारात नवा मिळतो. मला संताप आहे तो वेगळाच. एक मुलगी जीव तोडून सांगत होती आणि ते ऐकायला त्या माणसाला दोन मिनिटं नव्हती! वस्तू जपा म्हणून मी तुम्हाला हात जोडणार नाही, मला हातच नाहीत. बजावतो मात्र: कुणी काही समजावून सांगत असेल, तर आधी हातातला हातोडा खाली ठेवा.